जुना संगणक, नवे नेटवर्क

जुना संगणक निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेटवर्कला जोडायचा तर चार जोडण्या कराव्या लागतात. पहिली तारेची, दुसरी पत्त्याची, तिसरी फायलींची आणि चौथी अक्षरांची. पहिल्या तीन जोडण्या जगात कुठेही सारख्याच असतात. चौथी मात्र भाषेनुसार बदलते आणि मराठीपुरते बोलायचे तर तिचा बराचसा इतिहास पुण्यात घडलेला आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने परम महासंगणकाबरोबरच भारतीय लिप्यांचे जिस्ट तंत्रज्ञान लोकांपर्यंत पोचवले. त्याची मुळे आयआयटी कानपूरमधल्या संशोधनात होती. सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर मराठी अक्षरजुळणीची एक अख्खी पिढी पोसली गेली. त्या पिढीतले संगणक आजही पूर्णपणे बाद झालेले नाहीत.

जुने यंत्र का टिकते?

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या, व्यवसायात जुना संगणक ठेवण्यामागे हौस क्वचितच असते. पुस्तकांच्या जुन्या फायली पेजमेकरमध्ये असतात. ऑल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणलेले हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये अडोबीकडे गेले, २००१ च्या ७.० या आवृत्तीनंतर त्याची वाढ थांबली आणि आजच्या इनडिझाइनमध्ये त्याच्या फायली थेट उघडत नाहीत. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला चोरटी नक्कल टाळण्यासाठी हार्डवेअर लॉक दिलेले असे. व्यवसायात त्याला नुसते ‘लॉक’ किंवा ‘डोंगल’ म्हणतात. जुनी लॉक प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टमध्ये बसतात आणि तो पोर्ट नव्या संगणकांना नसतो. लॉक, फॉन्ट, पेजमेकर आणि विंडोज ९८ अशी साखळी एकमेकांत अडकलेली असल्यामुळे तिच्यातली एक कडी बदलली की बाकीच्याही बदलाव्या लागतात. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची झाली की तोच संगणक पुन्हा चालू होतो.

पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कारण वेगळे असते. तिथे संगणकीय आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पुरवणारा संगणक डॉस किंवा विंडोज एक्सपीवर चालतो. यंत्राचे आयुष्य संगणकाच्या आयुष्यापेक्षा कितीतरी मोठे असते आणि जोवर यंत्र माल काढते, तोवर संगणक हलवायला कुणी धजावत नाही.

दोन्ही ठिकाणी आजूबाजूचे जग मात्र बदललेले असते. हिशेबाच्या टेबलावर विंडोज ११ असते, मांडणीकाराकडे मॅक असतो आणि फायलींचा साठा लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर असतो. विंडोज ९८ ची सुरक्षादुरुस्ती ११ जुलै २००६ ला थांबली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ ला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंपुरता उरलेला नाही.

तार

सगळ्यांत सोपी जोडणी तारेची, कारण इथरनेटने मागच्या पिढ्यांना सहसा सोडलेले नाही. दर सेकंदाला १० मेगाबिटवर चालणारे जुने कार्ड आजच्या गिगाबिट स्विचला लावले तर दोघे आपापसांत वेग ठरवून घेतात. अडचण येते ती १० गिगाबिटच्या काही नव्या पोर्टवर, कारण त्यांनी सर्वांत कमी वेग सोडून दिलेला असतो. अशा वेळी मध्ये एक साधा १०/१००/१००० चा स्विच लावला की काम होते. पेचदार जोडीच्या तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी लागते.

संगणकात नेटवर्क कार्डच नसेल तर पीसीआय खाचेत बसणारे, रियलटेकच्या ८१३९ चिपचे कार्ड बहुधा उपयोगी पडते, कारण विंडोज ९८ पासून आजच्या लिनक्सपर्यंत बहुतेकांना ते ओळखता येते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा सुट्या भागांच्या दुकानांत असे कार्ड शोधता येते. ड्रायव्हर मात्र आधी मिळवून ठेवावा लागतो. विंडोज ९८ ला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय पेनड्राइव्ह कळत नाही. म्हणून पहिला ड्रायव्हर सीडीवरून किंवा १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवरून न्यावा लागतो.

१९९० च्या दशकात काही कार्यालयांत स्विचऐवजी टीव्हीच्या केबलसारखी कोअॅक्सिअल तार फिरवलेली असे. प्रत्येक संगणकामागे टी आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लागत. १८५ मीटरपर्यंतच्या एका तारेवर ३० पर्यंत संगणक बसत, पण एका ठिकाणी जोड निघाला की अख्खी ओळ बंद पडे. अशी तार दुरुस्त करण्यापेक्षा कार्ड बदलणे स्वस्त पडते.

वायफाय टाळलेलाच बरा. त्या काळच्या कार्डांना डब्ल्यूईपी हे सांकेतिकीकरण येते आणि ते सहज फुटते. एका जुन्या संगणकासाठी राउटरची सुरक्षा खाली आणली तर ती सगळ्यांचीच खाली येते.

पत्ता आणि नाव

तार जोडल्यावर संगणकाला पत्ता द्यावा लागतो. विंडोज ९५ च्या काळात छोट्या कार्यालयांत नेटबीयूआय हा प्रोटोकॉल लोकप्रिय होता. त्यात पत्ते द्यावे लागत नसत, पण तो राउटर ओलांडू शकत नाही आणि एक्सपीपासून तो नेहमीच्या स्थापनेतून गेला. आज सर्वांची सामाईक बोली टीसीपी-आयपी आहे आणि विंडोज ९८ ला ती येते. राउटरने आपोआप दिलेला पत्ताही ते घेते. पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर राउटरपर्यंत विनंती पोचलीच नाही असे समजावे आणि तार किंवा ड्रायव्हर तपासावा.

जुन्या संगणकाला कायमचा ठरावीक पत्ता देणे सोयीचे असते. त्यातला ‘गेटवे’चा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला की तो संगणक इंटरनेटवर स्वतःहून जाऊ शकत नाही. यात गमावण्यासारखे फारसे नसते. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ सोडून दिले, आणि विंडोज ९८ च्या ब्राउझरला त्यापुढचे काही येत नसल्याने आजची बहुतेक संकेतस्थळे तिथे उघडतच नाहीत.

नावाचे गणित निराळे आहे. जुने विंडोज एकमेकांना नेटबायोस नावाने शोधतात. हे नाव १५ अक्षरांपर्यंत असते आणि ते रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे लागते. ‘नेटवर्क नेबरहूड’मध्ये दिसणारी यादी ज्या सेवेवर चालत असे, ती नव्या विंडोजमधून निघून गेली आहे. म्हणून यादीत संगणक दिसला नाही तरी जोडणी झाली नाही असे नसते. एलएमहोस्ट्स नावाच्या साध्या मजकूर फायलीत सर्व्हरचे नाव आणि पत्ता लिहून ठेवला की जुना संगणक शोधत बसत नाही.

फायलींची बोली

विंडोजमध्ये फोल्डर ‘शेअर’ करण्यामागे एसएमबी नावाचा प्रोटोकॉल असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये तो जन्मला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला. युनिक्सच्या जगात त्याच कामासाठी एनएफएस होते आणि ॲपलचे स्वतःचे एएफपी होते. तीन घरे, तीन बोली.

त्यांच्यातला पूल ऑस्ट्रेलियात तयार झाला. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल याला १९९२ साली डॉसवर चालणाऱ्या आपल्या पीसीवरून युनिक्स संगणकाची डिस्क वापरायची होती. प्रोटोकॉलचे कागद हाती नव्हते. त्याने तारेवरून जाणारी माहितीची पाकिटे पाहून त्यातले संभाषण उलगडले आणि तसेच उत्तर देणारा सर्व्हर लिहिला. तोच पुढे सांबा झाला. लिनक्सवर सांबा चालवला की विंडोजला समोर विंडोजचाच सर्व्हर आहे असे वाटते. ॲपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून फायलींच्या देवाणघेवाणीसाठी एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीला पहिली पसंती दिली. त्यामुळे आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघांनाही एसएमबी समजते.

पण ते एकाच वयाचे नसते. विंडोज ९८ आणि एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. बरीच वर्षे नवे संगणक तिन्ही बोलत, म्हणून जुन्यांची अडचण कुणाला जाणवली नाही.

२०१७

ती जाणवली २०१७ मध्ये. १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका भगदाडातून ते कुणी काही न उघडता एका संगणकातून दुसऱ्यात शिरत असे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दुरुस्ती काढली होती, पण ती सगळीकडे बसवली गेली नव्हती. आधार संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही कंपनीला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. जूनअखेरीस त्याच भगदाडाचा वापर करणारे नॉटपेट्या आले आणि त्याचा फटका मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलच्या कामकाजालाही बसला.

त्याच वर्षीच्या शरदातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती मुळात बसवलीच जाईना. सप्टेंबर २०१९ च्या सांबा ४.११ मध्येही ती बंद ठेवण्यात आली. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये प्रत्येक पाकिटावर सही मागण्याची सक्ती आली. परिणामी काल चालणारी जोडणी एखाद्या अपडेटनंतर आज बंद पडते आणि दोष तारेला दिला जातो.

पासवर्डचीही तीच गत आहे. विंडोज ९८ मूळ अवस्थेत लॅनमॅन पद्धतीने ओळख पटवते. त्या पद्धतीत पासवर्ड जास्तीत जास्त १४ अक्षरांचा असतो, त्यातली सगळी अक्षरे कॅपिटल केली जातात आणि सातसात अक्षरांचे दोन तुकडे वेगवेगळे सांकेतिक केले जातात. आजच्या संगणकाला असा पासवर्ड फोडायला फार वेळ लागत नाही, म्हणून नवा सर्व्हर तो स्वीकारतच नाही.

इथे एक घाईचा उपाय सुचतो. नव्या संगणकांवरही पहिली आवृत्ती पुन्हा चालू करायची आणि जुन्या पद्धतीचा पासवर्ड मान्य करायचा. विंडोजमध्ये पहिली आवृत्ती चालू करायला एक खूण करणे पुरते. तो उपाय करू नये. एका यंत्राच्या सोयीसाठी कार्यालयातला प्रत्येक संगणक त्याच्या पातळीवर आणून ठेवणे म्हणजे २०१७ चे भगदाड स्वतःच्या हाताने उघडणे होय.

मधला संगणक

सुरक्षित उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसवणे. लिनक्स टाकलेला साधा संगणक किंवा रास्पबेरी पाय या कामाला पुरतो. त्याला दोन नेटवर्क जोडण्या हव्यात. एका जोडणीवर फक्त जुना संगणक असतो, दुसरीवर बाकीचे कार्यालय. दोन्ही बाजूंचे पत्ते वेगवेगळ्या मालिकांतले असतात, उदाहरणार्थ आत १९२.१६८.५० आणि बाहेर १९२.१६८.१. एका बाजूची पाकिटे दुसरीकडे पाठवणे पूर्ण बंद ठेवलेले असते. फायली तेवढ्या ओलांडतात, बाकी काही नाही.

आतल्या बाजूला सांबा पहिली आवृत्ती आणि जुनी पासवर्ड पद्धत स्वीकारतो. बाहेरच्या बाजूला मात्र तसे चालू देत नाही. एकाच सांबात दोन वेगळी धोरणे ठेवणे किचकट असते. म्हणून सांबा आतल्या जोडणीपुरताच चालवायचा आणि त्यातल्या फायली ठरावीक वेळाने आरसिंक या प्रत करणाऱ्या साधनाने मुख्य सर्व्हरवर पाठवायच्या, हे सोपे पडते. आरसिंकचा एक निर्माताही ट्रिजेलच आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या फायलींसाठी वेगळी फोल्डर ठेवावीत. जुन्या पुस्तकांचा साठा जुन्या संगणकाला फक्त वाचण्यापुरता दिसावा, म्हणजे आतला व्हायरस तिथे काही लिहू शकत नाही.

विंडोज ९८ ची एक सवय इथे लक्षात ठेवावी लागते. सर्व्हरला जोडताना ते फक्त पासवर्ड विचारते, वापरकर्त्याचे नाव विचारत नाही. संगणक सुरू करताना जे नाव दिले तेच ते पुढे पाठवते. म्हणून सांबावर त्याच नावाचे खाते उघडावे लागते. सुरुवातीला येणारी लॉगिनची चौकट एस्केप दाबून टाळली तर नेटवर्क मिळत नाही. जोडणी अधूनमधून का बसत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या एका कळीत असते.

एसएमबी जमलेच नाही तर एफटीपी उरते. विंडोज ९८ मध्ये त्याचा आदेश आहे आणि लिनक्सवर सर्व्हर बसवता येतो. मात्र त्यात पासवर्ड उघडा जातो आणि मॅकने तो आदेश २०१७ पासून काढून टाकला आहे. म्हणून एफटीपीही मधल्या संगणकाच्या आतल्या बाजूपुरतेच वापरावे.

नावे, आकार, तारखा

फायली पोचू लागल्या की बारीक भांडणे सुरू होतात. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी वाटतात, विंडोजला सारखी. त्यामुळे लिनक्सवर नावात फक्त तेवढाच फरक असलेल्या दोन फायलींपैकी विंडोजमध्ये एकच हाती येते. मॅकवर चालणारे प्रश्नचिन्ह विंडोजच्या नावात चालत नाही. देवनागरीतली नावे विंडोज ९८ ला दाखवताच येत नाहीत. म्हणून सामाईक फोल्डरमध्ये रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेखा एवढेच वापरण्याचा नियम करावा. मॅक प्रत्येक फोल्डरमध्ये बिंदूने सुरू होणाऱ्या छोट्या फायली सोडतो. त्या निरुपद्रवी असतात.

फॅट ३२ डिस्कवर एक फाईल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. नव्या कॅमेऱ्यातली चित्रे तेवढी मोठी नसली तरी जुन्या संगणकाला जड जातात, म्हणून पाठवण्याआधी ती लहान करावी लागतात. पेजमेकरच्या फाईलमध्ये चित्राचा पूर्ण मार्ग नोंदलेला असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. सर्व्हरवरच्या फोल्डरला जुन्या संगणकावर कायम तेच अक्षर दिले नाही तर चित्रांचे दुवे तुटतात.

जुन्या संगणकाचे घड्याळही फसवते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते. मग त्या दिवशी केलेली दुरुस्ती सर्व्हरला जुनी वाटते आणि तारखेवरून निवड करणारी प्रत तिला वगळते. सेल बदलणे हे अगदी किरकोळ काम, पण नेटवर्क जोडण्याआधी करायचे.

साध्या मजकुरात ओळ संपल्याची खूणही वेगळी असते. विंडोज दोन चिन्हे टाकते, लिनक्स एक. नोटपॅडला २०१८ पर्यंत लिनक्सची खूण कळत नसे आणि सगळा मजकूर एका ओळीत दिसे.

अक्षरे

इथवर सगळे जुळले तरी नव्या संगणकावर उघडलेली मराठी फाईल इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दाखवू शकते. फाईल बिघडलेली नसते, सांकेतिक पद्धत वेगळी असते.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक, आयएस १३१९४, निघाले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली. मधली वर्षे फॉन्टनिष्ठ पद्धतींनी भरून काढली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. २५६ पेक्षा कमी जागांत सगळी मराठी मावायची असल्याने प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने मांडले. म्हणून श्रीलिपीतला मजकूर आयएसएमच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही आणि दोन्ही युनिकोडमध्ये वाचता येत नाहीत.

रूपांतर करताना नुसती अदलाबदल पुरत नाही, क्रमही बदलावा लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये उलट. ‘अर्क’ मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये क नंतर येतो, युनिकोडमध्ये र आधी असतो. मराठीची खरी परीक्षा ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोडीत होते. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले रूपांतर दुसऱ्या शब्दाचा पहिला करून टाकू शकते आणि शुद्धलेखन तपासनीसाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ते अ वर चंद्र देऊन बनवलेले असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध घेताना शब्द सापडत नाही.

फाईल कोणत्या रूपात बाहेर काढायची, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. पेजमेकरमधून साधा मजकूर काढला तर कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहिती जाते. मग ‘पीडीएफ’ सारखा इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलला जातो. आरटीएफमध्ये फॉन्टचे नाव टिकते, म्हणून तेच निवडावे. रूपांतराआधी जोडाक्षरांनी भरलेले एक पान चाचणीसाठी घ्यावे: क्ष, ज्ञ, श्र, द्ध, ट्र, रु, रू, हृ, ऱ्या. ते अचूक उतरले की मगच पूर्ण पुस्तक द्यावे आणि तरीही मुद्रितशोधन टाळू नये.

छपाईची वाट

मजकूर बदलायचा नसेल, जुने पान जसेच्या तसे छापायचे असेल, तर रूपांतराच्या भानगडीत पडायचे कारण नाही. विंडोज ९८ वर पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर बसवून छपाई फाईलमध्ये घ्यायची आणि ती फाईल मधल्या संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकायची. तिथे घोस्टस्क्रिप्ट हे मुक्त सॉफ्टवेअर तिची पीडीएफ करते. फॉन्ट फाईलमध्येच उतरवण्याची निवड केलेली असेल तर अक्षरे मूळ रूपात येतात, मग ती मॅकवर उघडा की फोनवर. अशा पीडीएफमधला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला तर मात्र पुन्हा काला दिसतो, कारण आतले संकेत जुनेच असतात. छापखान्याला तेवढे पुरते, शोधयंत्राला नाही.

यंत्रशाळेतला संगणक

सीएनसी यंत्रांकडे जाणारी वाट बहुधा आरएस-२३२ सीरियल पोर्टची असते. हे मानक १९६० चे आहे. वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्ही टोकांना तंतोतंत सारखे असावे लागतात, नाहीतर यंत्र चूक दाखवते किंवा चुकीची अक्षरे घेते. तार साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची मानली जाते. यंत्राची स्मृती छोटी असल्यास लांबलचक प्रोग्रॅम थोडाथोडा पुरवावा लागतो आणि मध्येच तार हलली तर काम अर्ध्यावर थांबते.

इथे संगणक नेटवर्कला जोडण्याऐवजी पोर्टच जोडता येतो. सीरियल-इथरनेट कन्व्हर्टरची पेटी यंत्राशेजारी बसवली की नव्या संगणकावरचे, प्रोग्रॅम पुरवणारे डीएनसी सॉफ्टवेअर नेटवर्कवरून थेट यंत्राशी बोलते. या पेट्यांना स्वतःची सुरक्षा फारशी नसते. म्हणून यंत्रशाळेचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे आणि इंटरनेटवरून त्यांचा पत्ता दिसू देऊ नये.

डिस्कची प्रत

या सगळ्यांत आधी करायचे काम म्हणजे डिस्कची संपूर्ण प्रत घेणे. वीस-पंचवीस वर्षे फिरलेली डिस्क कधी थांबेल याचा नेम नसतो आणि नेटवर्क बसवताना केलेल्या उलाढालीतही ती बंद पडू शकते. डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने लिनक्सला जोडायची आणि फायलींची नव्हे, तर सबंध डिस्कची बिटवार प्रत घ्यायची. नव्या फ्लॅश कार्डावर ती उतरवून अडॅप्टरने जुन्या संगणकात बसवता येते. १३७ गिगाबाइटपेक्षा मोठी डिस्क मात्र विंडोज ९८ ला नीट हाताळता येत नाही.

हीच प्रत नव्या संगणकावर आभासी संगणकात चालवता आली तर जुन्या यंत्राचीच गरज संपते. लॉक नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी हा मार्ग उत्तम आहे. पॅरलल पोर्टचे लॉक आभासी संगणकाला दाखवणे अवघड असते. यूएसबी लॉक असेल तर काम पुष्कळ सोपे होते. कंपनी जुन्या लॉकच्या बदल्यात नवे देते का, हे आधी विचारून पाहावे.

तेही न जमल्यास जुना संगणक मधल्या संगणकाआड ठेवून, त्यावरच्या फायली टप्प्याटप्प्याने आरटीएफ, पीडीएफ आणि युनिकोडमध्ये बाहेर काढत राहणे हाच व्यवहार्य कार्यक्रम ठरतो. आधी ज्यांची मागणी आहे ती पुस्तके, मग बाकीची. सगळ्या फायली बाहेर आल्या, मुद्रितशोधन झाले आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या की डिस्क पुसून यंत्र नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे द्यावे. देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची योग्य जागा तीच आहे.